मुंबईत घडलेले जहाज

परदेशी राहणारी मराठी कुटुंबे सुटीच्या दिवशी मुलांना संग्रहालये दाखविण्यास नेतात. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथील नौदल संग्रहालय अशा कुटुंबांनी आवर्जून पाहावे असे आहे. तेथील गोदीत ‘त्रिंकोमाली’ ही जुनी शिडाची युद्धनौका आजही पाण्यावर तरंगत आहे. तिचे नाव श्रीलंकेतील एका बंदराचे. परंतु ती घडली मुंबईत.

मुंबईच्या गोदीत १८१६ साली तिच्या बांधणीस आरंभ झाला. तळाच्या मुख्य वाशात पारशी प्रथेनुसार चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. जमशेटजी बमनजी वाडिया हे तिचे प्रमुख कारागीर होते. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले होते.

इंग्रजांनी आपली युद्धनौका इतक्या दूर का बांधून घेतली? त्या काळी इंग्लंडमध्ये जहाजांसाठी लागणाऱ्या ओक लाकडाची टंचाई होती. शिवाय ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे खिळेही टिकतात आणि लाकूडही सहसा कुजत नाही.

हा साग मलबारचा होता. म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरमपासून श्रीरंगपट्टण फार दूर नाही. तेथे १७९२ साली झालेल्या तहानुसार टिपू सुलतानास मलबार प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. त्या युद्धात मराठे व निजाम इंग्रजांच्या बाजूने लढले होते. पुढे १८०६ मध्ये कंपनीने जंगलांवर एक अधिकारी नेमला आणि सागावर मक्तेदारी बसविली. स्वतःच्या जमिनीतील साग तोडण्याचाही अधिकार स्थानिकांना उरला नाही. असंतोष वाढल्यामुळे १८२३ मध्ये ही व्यवस्था रद्द करण्यात आली.

‘त्रिंकोमाली’ १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचली, तेव्हा नेपोलियनविरुद्धचे युद्ध संपून गेले होते. त्यामुळे बराच काळ ती वापराविना पडून राहिली. पुढे तिने अटलांटिक व प्रशांत महासागरांत कामगिरी केली, तसेच तरुण खलाशांच्या प्रशिक्षणासाठीही तिचा उपयोग झाला. १९८७ मध्ये तिला हार्टलपूलला आणण्यात आले आणि २००१ मध्ये तिची डागडुजी पूर्ण झाली.

तिच्या फळ्यांवर हात ठेवणाऱ्या मराठी मुलास वाडियांचे कौशल्य अवश्य सांगावे. त्याबरोबरच मलबारात झाडे तोडणाऱ्या आणि मुंबईत ती तासणाऱ्या माणसांविषयीही बोलावे. त्यांची नावे इतिहासाने क्वचितच नोंदविली. त्यांचे काम मात्र दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगत आहे.

विचार करा :
१. जहाजबांधणीसाठी ओकपेक्षा साग अधिक उपयुक्त का ठरला?
२. आपल्या परिसरातील एखादी जुनी वस्तू पाहा. ती कोणी व कशापासून घडविली असावी, ते पाच वाक्यांत लिहा.