एक नाला, सहा कार्यालयं : नंदुरबारच्या पाणीकारभाराचा मागोवा

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी या तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आले, जिल्हा परिषद आली, पोलीस अधीक्षक आले. लोकांचे धुळ्याचे हेलपाटे वाचले. पाण्याच्या कारभाराचे मात्र वाचले नाहीत. पाटबंधाऱ्यांचं मंडळ धुळ्यात, त्यावरचं महामंडळ जळगावात, पुढे निघालेलं जलसंधारण महामंडळ औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि नियमन करणारं प्राधिकरण मुंबईत. जिल्हा नवा झाला, पण त्याच्या पाण्याचे निर्णय चार गावांना वाटलेले राहिले.

त्यानंतरच्या पाव शतकात राज्याने पाण्याची खाती अनेकदा मोडली आणि जोडली. नावं बदलली, कायदे झाले, जागतिक बँकेचं कर्ज आलं. या उलथापालथीतून नंदुरबारच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब आता मांडायला हरकत नाही.

जिल्ह्याआधीची वाटणी

खानदेशात पाण्याचा कारभार पूर्वी एका ठिकाणाहून चालत असे, याचा दाखला लांब शोधायला नको. अविभाजित धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरची फड पद्धत हा तो दाखला. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात गहू-हरभरा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवी. एका फडात एकच पीक, त्यामुळे पाण्याची पाळी लावणं सोपं. पाणी देण्याचं काम पाटकऱ्याचं, पीक राखण्याचं जागल्याचं. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचं नाही, हा नियम. हंगामाआधी पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. नदीत पाणी कमी असलं तर फड कमी करायचे आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बंधाऱ्याची डागडुजी, पिकाची निवड, पाण्याची वाटणी आणि दंड ही चारही कामं एकाच मंडळीकडे होती. वर धरणं झाली, खाली विहिरी आणि पंप आले, तसे बरेच फड आक्रसले. हा कारभार जगात नावाजला गेला, पण राज्याची पाणीखाती उभी करताना त्याचा धडा कोणी घेतला नाही.

राज्यात कामाची वाटणी झाली ती हेक्टरवर. 1962 मध्ये बर्वे आयोगाचा अहवाल आला, त्याच वर्षी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे घडी अशी बसली : 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारं काम जिल्हा परिषदेचं, 250 हेक्टरपर्यंतचं 'स्थानिक स्तर' नावाच्या यंत्रणेचं आणि त्यावरचं पाटबंधारे खात्याचं. 1972 च्या दुष्काळात जमिनीखालच्या पाण्याची आठवण झाली, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निघाली. नळयोजनांसाठी 1976 च्या कायद्याने मंडळ झालं, तेच पुढे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. 1992 मध्ये सुधाकरराव नाईकांनी जलसंधारणाला स्वतंत्र खातं दिलं. प्रत्येक खातं त्या त्या अडचणीला उत्तर म्हणून जन्मलं आणि अडचण सरल्यावरही कायम राहिलं. जुनं बंद करून नवं काढल्याचं उदाहरण क्वचितच सापडेल.

महामंडळाचा काळ

नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा तापी पाटबंधारे विकास महामंडळ नुकतंच निघालं होतं. 1996 ते 1998 या काळात राज्यात अशी पाच महामंडळं निघाली : कृष्णा, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी-मराठवाडा. नावं खोऱ्यांची असली तरी उद्देश पैशाचा होता. सरकारी तिजोरीला धरणांचा खर्च झेपत नव्हता. महामंडळाला रोखे काढता येत होते, कर्ज उभारता येत होतं. बांधकामाला पैसा मिळावा म्हणून ही रचना झाली आणि बांधकामाच्या बाबतीत तिने काम केलंही.

शहादा तालुक्यात तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज उभे राहिले. प्रकाशा हे गोमाई-तापीच्या संगमावरचं गाव, खानदेशची दक्षिण काशी. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. पावसाळ्यानंतर जिथे तापीचं पाणी सरळ गुजरातेत उकाईला निघून जायचं, तिथे नदीत बारमाही पाणी दिसू लागलं. महामंडळाच्या खात्यावर ही जमेची बाजू निश्चित आहे.

मात्र बॅरेजचं पाणी आपोआप शेतात चढत नाही. तापीचं पात्र खोल, शेती वर. पाणी उचलायला उपसा योजना लागतात. धुळे-नंदुरबारच्या तापीकाठी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी अशा 22 योजना उभारल्या होत्या. नदीत पाणी टिकत नव्हतं तेव्हा त्या बंद पडल्या. नदीत पाणी आलं तेव्हा पंप गंजलेले, जलवाहिन्या फुटलेल्या, विजेची थकबाकी चढलेली आणि संस्था कर्जात बुडालेल्या. बॅरेज महामंडळाचा, उपसा संस्था सहकार खात्याच्या, वीज महावितरणची. प्रत्येकाचं दप्तर आपापल्या जागी नीट होतं. पाणी नदीत आणि शेत कोरडं, हा प्रकार कोणाच्याच दप्तरात दोष म्हणून नोंदला जात नव्हता. या योजनांच्या दुरुस्तीला सरकारने हात घातला तो 2016 च्या सुमारास. बॅरेज बांधतानाच उपशाचा विचार झाला असता तर मधली वर्षं वाया गेली नसती. ज्या यंत्रणेचं यश बांधलेल्या भिंतीवर मोजलं जातं, ती भिंतीपाशीच थांबते. उलट ज्या कामाची भिंतच उठत नाही, तेही वर्षानुवर्षं तसंच राहतं. अक्कलकुव्यातला देहली मध्यम प्रकल्प पुनर्वसनाच्या प्रश्नात दशकानुदशकं अडकला, तो त्याच हिशेबाचा दुसरा भाग.

कागदावरची क्रांती

1999 मध्ये माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने अहवाल दिला. पाण्याचं नियोजन तालुका-जिल्ह्याच्या रेषेवर न करता खोरं आणि उपखोरं धरून करा, हा त्याचा गाभा. 2003 च्या राज्य जलनीतीने तो स्वीकारला. पाटबंधारे विभागाचा 'जलसंपदा विभाग' झाला. 2005 मध्ये दोन कायदे झाले : एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा. त्याच वर्षी जागतिक बँकेने सुधारणांसाठी 32.5 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पाचही महामंडळं कायद्याने 'नदी खोरे अभिकरणं' ठरली.

इतका नीट आराखडा देशात दुसऱ्या एखाद्या राज्याने त्या वेळी क्वचितच केला असेल. मात्र कायद्यावर शाई वाळली आणि काम थांबलं. खोरे अभिकरणात जलशास्त्रज्ञ, शेतीतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ हवे होते. तिथे बांधकामाचेच अभियंते राहिले. राज्याचा एकात्मिक जल आराखडा काही महिन्यांत व्हायचा होता. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य जल परिषदेची पहिलीच बैठक जानेवारी 2015 मध्ये झाली. तीही सिंचन अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल केल्यानंतर. आराखड्याला मंजुरी 2018 मध्ये. मधल्या काळात 2011 च्या दुरुस्तीने पिण्यासाठी, शेतीला आणि उद्योगाला किती पाणी द्यायचं हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. स्वायत्त यंत्रणा उभी करायची आणि तिच्या हातातला मुख्य निर्णय काढून घ्यायचा, ही आपली जुनी रीत.

खोऱ्याच्या भाषेत नंदुरबारचं वेगळेपण असं, की महाराष्ट्रातलं नर्मदेचं खोरं जवळपास सगळं याच जिल्ह्यात आहे. सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. सातपुड्याची धार ओलांडली की अक्राणी आणि अक्कलकुव्याचं पाणी उत्तरेला नर्मदेकडे धावतं. या खोऱ्याला वेगळं महामंडळ नाही. तापीच्या महामंडळातच त्याचा कारभार. नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने 1979 मध्ये महाराष्ट्राला नर्मदेचं पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे 10.89 टीएमसी पाणी दिलं. ते बोगद्याने तापीत वळवण्याच्या आणि काही उकाईतून उचलण्याच्या योजना कागदावर आहेत. सरदार सरोवरात या दोन तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली, त्यात मणिबेली सर्वांत आधी पाण्याच्या तोंडी आलं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटरला भरला. इतकं पाणी दाराशी आलं, तरी काठावरच्या पाड्यांना त्याच्यावर सांगायला हक्क नाही. पुनर्वसन एका यंत्रणेकडे, जंगल दुसरीकडे, पिण्याचं पाणी तिसरीकडे.

डोंगरावरून खाली येताना

ही विभागणी बघायची तर सातपुड्यातला कोणताही नाला धरावा आणि वरून खाली यावं. वर पाड्याच्या कुशीत झरा असतो. दगड रचून केलेल्या त्याच्या कुंडीतून मे महिन्यात बायका वाटीवाटीने हंडा भरतात. झऱ्यावरचा डोंगर वनविभागाचा. डोंगर उतरला की शेताचे बांध आणि नालाबांध कृषी खात्याचे. पुढे छोटा सिमेंट बंधारा जिल्हा परिषदेचा. त्याखालचा पाझर तलाव जलसंधारणाचा. त्याखाली मध्यम प्रकल्प असला तर तो जलसंपदेचा. वाटेत विहीर लागली तर तिच्यातल्या पाण्याची पातळी मोजणारं खातं वेगळं. पाणी वरून खाली एकाच उतारावर येतं. त्याची नोंद मात्र सहा कपाटांत होते आणि एका कपाटातली फाईल दुसऱ्यात जात नाही. वर बांध घातले म्हणून खालच्या तलावात पाणी कमी आलं, तर तो खालच्या खात्याचा 'कमी पाऊस' ठरतो. पश्चिमेला नवापूर-अक्कलकुव्यात हजार मिलिमीटरच्या वर आणि पूर्वेला शहादा-नंदुरबारकडे त्याहून बराच कमी पाऊस, अशा जिल्ह्यात अशी आंधळी मोजणी परवडत नाही.

ही कपाटं एकत्र आणण्याचा सर्वांत जवळचा प्रयत्न डिसेंबर 2014 च्या जलयुक्त शिवार अभियानाने केला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सगळी खाती एका टेबलावर बसली. गावात शिवारफेरी, मग पाण्याचा ताळेबंद, मग आराखडा, असा क्रम ठरला. क्रम उत्तम होता. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ताळेबंद हा जोडायचा कागद झाला आणि यंत्राने नाले खोल करण्याचं काम पुढे गेलं. पुढे अभियान बंद झालं, 2020 मध्ये कॅगने त्यावर कडक शेरे मारले, नंतर ते 'जलयुक्त शिवार 2.0' नावाने परत आलं. एकत्र बसण्याची सवय मात्र अभियानाबरोबर आली आणि त्याच्याबरोबरच गेली, कारण ती कायद्यात नव्हती.

2017 मध्ये जलसंधारणाची फेररचना होऊन मृद व जलसंधारण हा विभाग झाला. 600 हेक्टरपर्यंतची कामं त्याच्याकडे आली, आयुक्तालय औरंगाबादला बसलं. कृषी खात्यातली पदं वर्ग करण्यावरून कुरबुरी झाल्या. म्हणजे रेघ 250 वरून 600 वर सरकली, पण रेघ हेक्टरचीच राहिली. 2019 मध्ये जलजीवन मिशन आलं आणि जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग घरोघरी नळ पोचवायला लागला. पण नळ हे या साखळीचं शेवटचं टोक. उन्हाळ्यात उद्भव आटला की तोटी कोरडी. उद्भव टिकवण्याचं काम वरच्या डोंगरावर, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत. डिसेंबर 2024 मध्ये जलसंपदा विभागच दोन मंत्र्यांत वाटला गेला : गोदावरी आणि कृष्णा खोरी राधाकृष्ण विखे पाटलांकडे, विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडे. खोरी वेगळी म्हणून नव्हे, खातेवाटपाचा तिढा सुटावा म्हणून.

हिशेबाअंती

पाव शतकाच्या या मागोव्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. जवळपास प्रत्येक पुनर्रचना कुठल्या तरी पैशाच्या मागे झाली. महामंडळं रोख्यांसाठी, 2005 चे कायदे बँकेच्या कर्जाच्या छायेत, जलयुक्त अभियानाच्या निधीवर, नळ केंद्राच्या मिशनवर. पैसा आला तशी रचना बदलली; पैसा सरला तशी ती सैल पडली. पाणी कुठून कुठे वाहतं, हा प्रश्न प्रत्येक प्रस्तावनेत आला आणि प्रत्येक आकृतिबंधातून गळला.

नवं खातं आता नको. आहे त्यातच तीन गोष्टी करता येतात. पहिली, जिल्ह्यातल्या नद्यांच्या उपखोऱ्यांनुसार दरवर्षी पाण्याचा एकच जमाखर्च व्हावा आणि सहाही खात्यांनी त्यावर सह्या कराव्यात. दुसरी, जलयुक्तच्या काळातली जिल्हाधिकाऱ्यांची समिती कायम करून तिला कायद्याचं बळ द्यावं. निधीची मंजुरी या जमाखर्चाला बांधावी. तिसरी गोष्ट ग्रामसभेची. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे पूर्ण तालुके आणि शहादा-नंदुरबारचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन स्थानिक पंचायतींकडे सोपवलं, राज्याचे नियम 2014 मध्ये आले. हा अधिकार अस्तित्वात आहे, तो मागायला मुंबईला जावं लागत नाही. तो जमाखर्च आधी ग्रामसभेपुढे वाचला जावा, मग जळगावला पाठवावा.

पुढच्या ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या झऱ्याचं, बंधाऱ्याचं आणि विहिरीचं पाणी कोणत्या खात्याच्या नोंदीत आहे, एवढा एकच प्रश्न नंदुरबारच्या वाचकांनी विचारावा. उत्तर द्यायला सहा जण उठले, किंवा एकही उठला नाही, तर पुनर्रचना अजून व्हायची आहे असं समजावं.