परिषद कोणाच्या गावी?

आपल्याकडे लग्न ठरले की मुहूर्ताच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. कार्य कोणाच्या गावी करायचे? मुलीकडचे म्हणतात आमच्याकडे, मुलाकडचे म्हणतात आमच्याकडे. मग मांडव केवढा, जानवसघर कुठे, स्टेशन किती लांब, पाण्याची सोय काय, याची चर्चा चालते. आणि या सगळ्या गडबडीत एखादी म्हातारी आत्या हळूच विचारते, "अरे, पण त्या धाकट्या काकांना बोलावलंय ना?"

जगातल्या डॉक्टरांची परिषद भरवायची म्हटले की असेच होते. फक्त वऱ्हाड असते हजारोंचे, आणि गावे असतात पॅरिस, व्हिएन्ना, बार्सिलोना, सिंगापूर यांसारखी. परिषद आपल्याकडे यावी म्हणून या नगरांत चांगलीच चुरस लागते. ती का लागते, निवड कशी होते, आणि त्या आत्याबाईंचा प्रश्नच शेवटी महत्त्वाचा का ठरतो, हे आज थोडे समजून घेऊ.

पहिली आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद इसवी सन १८६७ मध्ये पॅरिसला भरली. त्या वर्षी तिथे मोठे जागतिक प्रदर्शन होते, जगभरची माणसे येणारच होती. तेव्हा डॉक्टरांनीही तोच मोका साधला. पुढे दर दोन-तीन-चार वर्षांनी ती गावोगाव फिरू लागली. फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, ब्रुसेल्स, जिनिव्हा, ॲमस्टरडॅम, लंडन, कोपनहेगन, वॉशिंग्टन, बर्लिन असा तिचा प्रवास झाला. रोमची परिषद १८९३ साली व्हायची होती. पण इटलीत पटकीची साथ आली आणि ती पुढच्या वर्षावर ढकलावी लागली. डॉक्टरांच्या मेळाव्याला रोगानेच अडवले म्हणायचे! १९१३ साली लंडनला सतरावी परिषद झाली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ही मालिका खंडित झाली. आता वैद्यकाच्या एकेका शाखेची, एकेका रोगाची स्वतंत्र परिषद भरते.

परिषद आल्याने नगराला मिळते काय? पहिली गोष्ट उघड आहे, पैसा. हृद्रोगतज्ज्ञांची युरोपीय परिषद २०१९ साली पॅरिसला झाली, तेव्हा तीस हजारांवर माणसे जमली होती. यांतला प्रत्येक जण चार रात्री राहिला असे नुसते धरून चला. एक लाख वीस हजार रात्रींचे भाडे झाले! शिवाय जेवणखाण, टॅक्सी, बाजारहाट आहेच. हा हिशेब अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या व्यापाऱ्यांनी फार लवकर ओळखला. अधिवेशने आपल्या गावी खेचून आणण्यासाठी त्यांनी १८९६ सालीच एक स्वतंत्र संस्था काढली. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत अशी कचेरी असते. १९६३ साली या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटनाही निघाली. कोणत्या शहरात किती परिषदा झाल्या, याची यादी ती दरवर्षी छापते. यादीत मोजली जायची तर परिषद नियमाने भरणारी हवी, निदान तीन देशांत फिरणारी हवी आणि निदान पन्नास माणसांची हवी. या यादीत पॅरिस आणि व्हिएन्ना ही नावे वर्षानुवर्षे अग्रभागी दिसतात.

दुसरा लाभ पैशात मोजता येत नाही. जगातले नामवंत तज्ज्ञ गावात येतात, तेव्हा परदेशचे तिकीट ज्यांना परवडले नसते असे तिथले तरुण डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी त्यांना समोरासमोर ऐकतात. एखादी शंका विचारतात, ओळख करून घेतात. छापील निबंध घरी बसून वाचता येतो. ओळख मात्र घरी बसून होत नाही.

आता निवड कशी होते ते पाहू. ज्या संस्थेची परिषद असते, ती काही वर्षे आधी आमंत्रणे मागवते. बहुधा त्या त्या देशातल्या डॉक्टरांची संघटना यजमान म्हणून पुढे येते. तिच्या पाठीशी नगरपालिका, सरकार, हॉटेलवाले, विमान कंपन्या उभ्या राहतात. सगळे मिळून एक जाडजूड निवेदन तयार करतात. मुख्य सभागृहात किती खुर्च्या, एकाच वेळी किती खोल्यांत व्याख्याने चालतील, औषधांच्या व उपकरणांच्या प्रदर्शनाला जागा किती, महाग-स्वस्त हॉटेलांत मिळून खोल्या किती, विमानतळ किती दूर, हे सारे त्यात येते. मग संस्थेचे लोक प्रत्यक्ष जागा बघायला येतात. शेवटी कार्यकारिणी किंवा सभासद मत देतात. पाळीचाही विचार होतो: मागची परिषद युरोपात झाली असेल तर पुढची आशियात किंवा अमेरिकेत जावी, असा अनेक संस्थांचा प्रघात आहे.

हे झाले मांडव आणि जानवसघर. आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळू. बोलावलेय कोणाला, आणि दारातून आत येऊ कोण शकतो?

१८८१ ची लंडनची परिषद फार गाजलेली. पाश्चर, कॉख, लिस्टर, फिरखॉव हे सारे धुरंधर एका ठिकाणी आले होते. पाश्चरने काळपुळीच्या लशीचे प्रयोग सांगितले. कॉखने जंतू वेगळे वाढवण्याची आपली नवी रीत करून दाखवली. पण याच परिषदेचा दरवाजा स्त्री डॉक्टरांना बंद होता. त्यांनी निषेध केला, पण उपयोग झाला नाही. नंतर पाचच वर्षांनी, १८८६ साली, कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. पदवी हातात असती, तरी १८८१ च्या त्या सभागृहाची पायरी त्यांना चढता आली नसती. मांडव उत्तम, पाहुणे थोर. पण निम्मे घर बाहेर उभे!

शंभर वर्षांनी हाच प्रश्न आणखी तीव्रपणे पुढे आला. एड्सवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८५ साली अमेरिकेत अटलांटाला भरली. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच देशाने या विषाणूची लागण झालेल्या परदेशी माणसांना आपल्या देशात यायला मनाई केली. १९८९ साली एक डच कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोला एका सभेसाठी निघाले होते. त्यांच्या सामानात या आजाराचे औषध सापडले, आणि त्यांना वाटेतच विमानतळावर अडवून कोठडीत ठेवण्यात आले. गंमत बघा, सभा आजाराची आणि मज्जाव आजाऱ्याला! १९९० ची मोठी परिषद सॅन फ्रान्सिस्कोला भरली, तेव्हा अनेक संस्थांनी तिच्यावर बहिष्कार घातला.

पुढे १९९२ ची परिषद बोस्टनला ठरली होती. यजमान होते प्रख्यात हार्वर्ड विद्यापीठ. सभागृहे, हॉटेले, विद्वान, कशाची म्हणून उणीव नव्हती. तरीही प्रवेशबंदी उठत नाही असे पाहून परिषद अमेरिकेतून काढून ॲमस्टरडॅमला नेण्यात आली. नियोजित अध्यक्ष जोनाथन मान यांनीच तिथे अध्यक्षपद सांभाळले. रुग्णाला दारातून आत घेत नाही त्या देशात परिषद भरवायची नाही, हा दंडक पुढेही पाळला गेला. शेवटी जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेने ती बंदी उठवली, आणि २०१२ साली परिषद पुन्हा त्या देशात, वॉशिंग्टनला, भरली. मधे बावीस वर्षे गेली. एका परिषदेने मोठ्या देशाचा कायदा बदलला, असे मी म्हणणार नाही. त्यासाठी पुष्कळ माणसे झटली. पण आपल्या अंगणात पाहुणे यायला तयार नाहीत, ही गोष्ट सत्तेलाही कधीतरी टोचते.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. २००० साली ही परिषद दक्षिण आफ्रिकेत डरबानला नेली गेली. आफ्रिका खंडात ती प्रथमच जात होती. आजाराचा सर्वांत मोठा भार तिथेच होता, आणि त्या देशाचे अध्यक्ष तर एड्सच्या कारणाविषयीच शंका घेत होते. पाच हजारांवर शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी सह्या करून कारण निःसंदिग्धपणे जाहीर केले. एन्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा, जन्मापासून लागण झालेला, व्यासपीठावर उभा राहून बोलला. समारोपाला नेल्सन मंडेला आले. औषधे आहेत श्रीमंत देशांत आणि रोगी आहेत गरीब देशांत, ही गोष्ट आलेल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिली. तिथली तीन औषधांची उपचारपद्धती त्या काळी माणशी वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात पडे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत द्यायची तयारी दाखवली. नुसती परिषद झाल्याने औषध स्वस्त होत नाही, हे खरे. पण जिथे दुखते तिथे सभा भरली, म्हणजे स्वस्ताईची मागणी दूरवर ऐकू जाते.

हा प्रश्न अजून संपलेला नाही. २०२२ साली याच परिषदेसाठी कॅनडातल्या माँट्रियलला जाणाऱ्या अनेक प्रतिनिधींना, विशेषतः आफ्रिकेतल्या, व्हिसा वेळेवर मिळाला नाही किंवा साफ नाकारला गेला. तिथे कायद्याची बंदी नव्हती. अडवणूक झाली ती कचेरीच्या खिडकीत. बाहेर राहणाऱ्याला मात्र दोन्ही सारखेच.

आता थोडे आपल्याकडे. नोव्हेंबर १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईला भरली होती, आणि या कार्याच्या जागतिक संघाची स्थापना तिथेच झाली. त्या वेळी आपल्याकडे आजच्यासारखी भव्य संमेलनगृहे नव्हती. आज आहेत. दिल्लीत भारत मंडपम् आणि यशोभूमी ही दोन्ही २०२३ साली उघडली; मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात त्याच्या आधीच्या वर्षी मोठे केंद्र सुरू झाले. तेव्हा या चुरशीत आपली नगरेही उतरणार, आणि उतरावीतही.

उतरताना खुर्च्या मोजाव्यात, खोल्या मोजाव्यात, विमानेही मोजावीत. पण निवेदनात एक पान आणखी असावे. लहान देशातल्या डॉक्टरला आमच्याकडे व्हिसा किती दिवसांत मिळेल? तालुक्याच्या इस्पितळातल्या परिचारिकेला प्रवेशशुल्क परवडेल का? ज्या रोगाची चर्चा व्हायची, त्या रोगाचा माणूस आत बसलेला असेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे सरळ देता आली, तर मांडव थोडा लहान असला तरी चालेल. कार्य नीट पार पडले असे आपण केव्हा म्हणतो? जेवणावळी उठल्या म्हणून नव्हे. यायला हवा होता तो प्रत्येक माणूस आला आणि जेवून गेला, म्हणून.