वॉलनट ग्रोव्ह: पडद्यावरचं आणि पडद्यामागचं

6 फेब्रुवारी 1984 च्या रात्री अमेरिकेतल्या लाखो घरांनी एक अख्खं गाव सुरुंगाने उडताना पाहिलं. दुकान गेलं, घरं गेली, नऊ हंगाम ओळखीची झालेली भिंत न् भिंत गेली. एनबीसी वाहिनीवरच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ मालिकेतलं हे वॉलनट ग्रोव्ह. कथेत असं होतं, की एक धनाढ्य माणूस गावाच्या जमिनीवर हक्क सांगत येतो, तेव्हा गावकरी ठरवतात की जमीन घे, पण आम्ही बांधलेलं काही तुझ्या हाती लागणार नाही.

ही कल्पना कथेच्या गरजेतून आलीच नव्हती. चित्रीकरणाचं गाव उभं होतं कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीत, बिग स्काय रँच नावाच्या भाड्याच्या माळावर. काम संपलं की जमीन होती तशी मोकळी करून द्यायची, असा मालकांशी करार होता. म्हणजे सगळं पाडायचं तर होतंच. मालिकेचा नायक, लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता असलेल्या मायकेल लँडनने ठरवलं, पाडायचंच आहे तर ते गोष्टीत पाडू. त्याने त्यावर ‘द लास्ट फेअरवेल’ लिहिलं. त्या भागातलं नटांचं रडणं खरं आहे. ज्या मुलांचं बालपण त्या रस्त्यावर गेलं होतं, ती आता मोठी होऊन तो रस्ता संपताना बघत होती. चर्च आणि इंगल्स कुटुंबाचं छोटं घर तेवढं त्या दिवशी वाचलं. 2003 मध्ये सिमी व्हॅलीत वणवा आला, त्यात ते घरही जळालं.

मालिकेची सुरुवात मात्र भांडणातून झाली. ती ज्या पुस्तकांवर बेतली होती, त्यांचे हक्क मिळवले होते एड फ्रेंडली या निर्मात्याने. त्याला लॉरा इंगल्स वाइल्डरने आपल्या बालपणावर लिहिलेल्या त्या पुस्तकांतली गरिबी जशीच्या तशी हवी होती: अनवाणी मुली, दाढीवाला बाप. लँडन आधीच्या ‘बोनान्झा’ मालिकेमुळे घराघरांत पोचलेला होता. त्याने दाढी ठेवली नाही आणि मुलींच्या पायांत बूट घातले. दोघांचं फाटलं, मालिका लँडनची झाली. पाहणाऱ्यांचा कौल लँडनच्या बाजूने लागला हे खरं, पण आज मागे वळून बघताना मला फ्रेंडलीचा हट्ट योग्य वाटतो. तो का, ते पुढे येईलच.

सेटवरच्या बऱ्याच गमती, मालिकेत लॉराशी सतत भांडणाऱ्या नेली ओल्सनचं काम करणाऱ्या ॲलिसन आर्नग्रिमने आपल्या 2010 च्या आत्मचरित्रात सांगितल्या आहेत. नेलीचे ते प्रसिद्ध कुरळे केस म्हणजे टोप होता आणि तो डोक्यात पिना रुतवून बसवत. वर सिमी व्हॅलीचं ऊन, अंगात गळ्यापर्यंत बंद झगा. ‘बनी’ नावाच्या भागात नेली पांगळी झाल्याचं सोंग करून चाकाच्या खुर्चीत बसते आणि लॉरा तिला खुर्चीसकट टेकडीवरून ढकलून देते. त्या चित्रीकरणाच्या वेळी आर्नग्रिमचा हात खरोखरच मोडलेला होता, आणि प्लास्टर कपड्यांखाली लपवावं लागलं. पडद्यावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या या दोघी, आर्नग्रिम आणि लॉरा झालेली मेलिसा गिल्बर्ट, बाहेर जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. सुट्टीच्या दिवशी एकमेकींकडे मुक्कामाला जात. आणि मालिकेतली आई, म्हणजे ‘मा’, चुलीवरून उतरवून वाढायची तो रस्सा डब्यातला, बाजारातून आणलेला असायचा.

टेकडीवरून ढकललं म्हटलं, तिथेच खरं गाव जाणणारा माणूस थबकतो. मिनेसोटा राज्यातल्या खऱ्या वॉलनट ग्रोव्हभोवती तशी टेकडी नाही. नजर जाईल तिथवर सपाट जमीन, मधून वाहणारा प्लम क्रीक नावाचा ओढा, रेल्वेचा रूळ आणि जेमतेम आठशेच्या आतबाहेरची वस्ती. लॉराचं कुटुंब 1874 मध्ये इथे आलं आणि आधी ओढ्याच्या काठात खणलेल्या मातीच्या घरात राहिलं. ती जमीन मोकळी कशी झाली होती, हे ना मालिकेत आहे ना पुस्तकात: अवघ्या बारा वर्षांपूर्वी, 1862 च्या युद्धानंतर इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना मिनेसोटातून हाकलून देण्यात आलं होतं.

मग टोळ आले. आपल्याकडे टोळधाड म्हटलं की अंगावर काटा येतो, पण रॉकी पर्वताकडून आलेल्या त्या टोळांचं प्रमाणच वेगळं होतं. 1875 मध्ये मोजल्या गेलेल्या एका थव्याची लांबी सुमारे 1800 मैल आणि रुंदी सुमारे 110 मैल भरली. गहू तर गेलाच, पण घोड्यांचं चामडी सामान आणि अवजारांचे लाकडी दांडेसुद्धा त्यांनी कुरतडले. लॉराचा बाप चार्ल्स इंगल्स याने येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर उधारीवर लाकूड आणून नवं घर बांधलं होतं. पीक बुडालं आणि बाप मजुरीसाठी शेकडो मैल पूर्वेला पायी निघाला. इथवर लॉराने 1937 च्या ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’मध्ये लिहिलं आहे. (विशेष म्हणजे त्या पुस्तकात गावाचं नाव एकदाही येत नाही.)

जे तिने लिहिलं नाही, ते सरकारी कागदांत सापडतं. 30 नोव्हेंबर 1875 ला चार्ल्स इंगल्स शेजारच्या लॅम्बर्टन गावी अधिकाऱ्यांसमोर उभा राहिला आणि आपण पूर्णपणे निष्कांचन आहोत अशा प्रतिज्ञापत्रावर त्याने सही केली. सही केल्याशिवाय मदत मिळत नव्हती. बदल्यात मिळालं पाच डॉलर पंचवीस सेंट किमतीचं पीठ, दोन अर्धी पिंपं. घरी तीन मुली होत्या आणि एक महिन्याचा मुलगा. लॉराच्या पुस्तकांतला बाप कुणापुढे हात पसरत नाही, हा त्या साऱ्या पुस्तकमालेचा कणा आहे. म्हणून ही सही तिथे येऊच शकत नव्हती.

त्या सहीशेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. त्याच्या वर्षभर आधी, 1874 च्या डिसेंबरात, गावात चर्च उभं राहिलं. पुस्तकात बाप स्वतःच्या बुटांसाठी ठेवलेले तीन डॉलर घंटेसाठी देऊन टाकतो आणि फाटक्या बुटांनी घरी येतो. चर्चच्या नोंदीत चार्ल्स इंगल्सच्या नावावर तीन नाही, 26 डॉलर 15 सेंट आहेत. पिठाच्या त्या पिंपांच्या पाचपट रक्कम! देणारा आणि मागणारा माणूस एकच, मधे फक्त एक हंगाम. प्रेअरीवर माणूस किती झटकन खाली येत होता, हे मला या दोन आकड्यांइतकं दुसऱ्या कशानेच कळलं नाही. फ्रेंडलीला अनवाणी मुली हव्या होत्या त्या यासाठी. ती घंटा गावातल्या इंग्लिश ल्यूथरन चर्चमध्ये आजही आहे.

तो महिन्याचा मुलगा, चार्ल्स फ्रेडरिक, नऊ महिन्यांचा होऊन 1876 च्या ऑगस्टमध्ये गेला. लॉराने मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत तो जन्मतच नाही. इथे लँडनने मात्र बाजी मारली: मालिकेच्या पहिल्याच वर्षी त्याने या बाळाच्या मृत्यूवर दोन तासांची गोष्ट केली. मोठी बहीण मेरी 1879 मध्ये याच गावात आंधळी झाली. पुस्तकात कारण दिलं आहे स्कार्लेट फीव्हर. 2013 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जुनी पत्रं आणि बातम्या तपासून सांगितलं, की तो बहुधा विषाणूमुळे झालेला मेंदूज्वर असावा. नेली ओल्सन तर एक बाई नव्हेच. लॉराला आयुष्यात भेटलेल्या तीन मुली कालवून तिने ती घडवली.

इंगल्स कुटुंबाच्या ओढ्याकाठच्या त्या मातीच्या घराचा पत्ता 1947 पर्यंत कुणाला नव्हता. लॉराच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्तीसाठी चित्रं काढायला निघालेला गार्थ विल्यम्स शोधत शोधत ओढ्याकाठी पोचला आणि जागा त्याने ओळखली. त्याच वर्षी ते शेत विकत घेतलेल्या कुटुंबाला आपण काय घेतलं आहे, हे त्याच्याकडून कळलं. छत कधीच कोसळलं होतं. उरला आहे तो काठावरचा एक खळगा. कुटुंबाने तो जपला, शेतातून वाट करून दिली, आणि लोक दूरदूरून येतात. मालिका सुरू झाली त्याच 1974 मध्ये गावाने संग्रहालय काढलं. 1978 पासून गावकरीच जुलैत ओढ्याकाठी उघड्यावर नाटक बसवू लागले.

आणि 2000 नंतर गावाची गोष्ट पुन्हा सुरू झाली. आग्नेय आशियातल्या युद्धातून निर्वासित होऊन मिनेसोटात आलेली हमोंग कुटुंबं सेंट पॉल शहर सोडून इथे येऊ लागली. सुरुवातीच्या एका कुटुंबाने हे गाव निवडलं त्याला एक कारण घरातल्या मुलीचं होतं: ती ‘लिटल हाउस’ बघत वाढली होती. ओस पडत चाललेल्या गावातली घरं भरली, शाळेत मुलं आली, मुख्य रस्त्यावर हमोंग किराणा दुकान उघडलं. सुरुंगाने उडालेल्या त्या खोट्या गावाने खऱ्या गावाला माणसं मिळवून दिली. लँडनच्या मालिकेचं हे श्रेय मी मनापासून मानतो.

मालिका तुम्ही पाहिली असेल किंवा नसेल, लॉराने मोठ्यांसाठी लिहिलेलं आणि 2014 पर्यंत अप्रकाशित राहिलेलं ‘पायोनियर गर्ल’ जरूर वाचा. आणि त्यापाठोपाठ कॅरोलाइन फ्रेझरचं, 2018 चं पुलित्झर मिळालेलं ‘प्रेअरी फायर्स’. पहिल्यात भावाचा मृत्यू आहे, दुसऱ्यात बापाची सही.