लाजरी मुलगी, बुजरा मुलगा

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर नशिराबाद लागतं. अशा गावात ओळखी दाट असतात. लग्नाची पंगत, बाजार, पारावरच्या गप्पा यांतून कोणाची सुटका नाही. मग ज्याला चारचौघांत तोंड उघडायचीच धास्ती वाटते, त्याचं काय होत असेल?

आधी ही धास्ती चालते कशी ते पाहू. समजा, पंगतीत वाढायचंय. अशा माणसाचं लक्ष ताटांवरून उडून स्वतःकडे वळतं: हात थरथरतोय का, आवाज फुटतोय का. छातीतली धडधड सगळ्यांना कळतेय असंच त्याला वाटतं. मग तो पळवाट शोधतो. मान खाली, हातात मोबाइल, नाहीतर मागे जाऊन कांदे चिरत बसणं. वेळ निभावते, पण वाढताना हात थरथरला असता तरी कोणी लक्ष दिलं नसतं, हे कळायचं राहून जातं. पुढच्या लग्नात भीती तशीच. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हे चक्र मांडलं.

या चक्रात माणसांचा आधार कुठे बसतो? आधार मोजण्याची बारा प्रश्नांची एक प्रश्नावली १९८८ पासून जगभर वापरतात. तुमची किती माणसं आहेत हे ती विचारत नाही. घरच्यांशी, मित्रांशी अडचण बोलता येते का, हे विचारते. अख्खं गाव ओळखीचं असूनही या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असू शकतं.

लोकांमध्ये केलेल्या पाहण्यांत चारचौघांच्या धास्तीचा हा त्रास बायकांना जास्त आढळतो. दवाखान्यात मात्र पुरुष त्यांच्या बरोबरीने, कधी जास्तही दिसतात. मला यामागचं कारण सरळ वाटतं. मुलगी गप्प राहिली तर तिला 'गुणाची' म्हणतात, त्यामुळे तिचा त्रास दिसतच नाही. मुलाला मुलाखत द्यावी लागते, केळीच्या व्यापाऱ्याशी भाव करावा लागतो. तिथे तो अडला की 'पोरीसारखा लाजतो' हे ऐकतो.

बायका-पुरुषांच्या मनातलं बोलायच्या जागाही वेगळ्या. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला गल्लीतल्या बाया जमतात. हात कामात, नजर बिबड्यांवर, त्यामुळे मनातलं सहज निघतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. त्याच आखाजीला पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात, पण तासन्‌तास बसूनही 'मला लोकांत जायची भीती वाटते' असं कोणी म्हणत नाही. काहीजण धीर यावा म्हणून दारू घेतात आणि एकाचे दोन त्रास करून ठेवतात.

बायकांना मिळणाऱ्या आधारातही एक गोम आहे. डॉक्टर तिला विचारतात, उत्तर नवरा देतो. बँकेत तिच्या वतीने जाऊबाई बोलतात. हेतू चांगलाच, पण तीही पळवाटच. फक्त ती घरच्यांनी काढून दिलेली.

खरा आधार सोबत जातो, पण बोलू त्यालाच किंवा तिलाच देतो. आधी ओळखीच्या दुकानात एक प्रश्न, मग पोस्टात, मग बँकेत. भीती वाटली तरी लगेच परतायचं नाही. ती ओसरेपर्यंत थांबायचं. मानसोपचारातही अशाच पायऱ्या असतात. गरज पडल्यास डॉक्टर औषधं देतात.

घरात कोणी वर्षानुवर्षं पंगत टाळत असेल तर 'स्वभावच तसा' म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. फोन लावून द्या, बोलू मात्र त्यांनाच द्या.