समलिंगी ज्येष्ठांचे आरोग्य : भीती कोणत्या काळातली?

म्हातारपणाचे आजार म्हटले की रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, मोतीबिंदू अशी यादी आपल्यासमोर येते. आयुष्यभर लपवलेल्या गोष्टीचे ओझे मात्र या यादीत कधीच नसते. समलिंगी आकर्षण असणारी माणसे फक्त मुंबई-पुण्यात आणि तरुणांतच असतात, असा समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. अशी माणसे सर्व गावांत आणि सर्व वयांत असतात. माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे ती अपचन, छातीत धडधड, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन येतात आणि मूळ गोष्ट न सांगताच गोळ्या घेऊन जातात. ती का सांगत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या जन्मसालात सापडते.

पंच्याहत्तरीच्या पुढचे

इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाखाली समलिंगी संबंध हा गुन्हा होता. शिक्षा दहा वर्षांपर्यंतची कैद किंवा जन्मठेप. या विषयावर लिहिणेही सोपे नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू कोर्टात मांडली, तरी निकाल कर्व्यांच्या विरुद्धच गेला. १९५३ साली कर्वे गेले आणि मासिकही थांबले.

त्यानंतर वाढलेल्या या पिढीला स्वतःसाठी एक सभ्य शब्दही मिळाला नाही. बहुतेकांची लग्ने झाली, नातवंडे झाली. स्त्रियांना तर लग्नाला नाही म्हणण्याची सोयच नव्हती. अशा रुग्णाला थेट नाव घेऊन विचारले तर तो आरोप वाटतो. "घरी कोण कोण असते? मनातले कोणाशी बोलता?" एवढे शांतपणे विचारले तरी पुरते.

साठी ते पंच्याहत्तरी

या पिढीला कायद्याइतकीच डॉक्टरांची भीती आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता १९७३ साली आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने तेच १७ मे १९९० रोजी केले. तोपर्यंत यांची तारुण्यातली वर्षे निघून गेली होती. या आकर्षणावर 'उपचार' म्हणून काही ठिकाणी विजेचे झटके दिले जात. आम्ही एम.बी.बी.एस. शिकत होतो तेव्हाही न्यायवैद्यकाच्या पुस्तकात हा विषय अनैसर्गिक गुन्ह्यांच्या प्रकरणात होता. त्यातच १९८६ साली चेन्नईत भारतातील पहिले एच.आय.व्ही.बाधित रुग्ण आढळले आणि भीतीत आणखी भर पडली.

परिणाम असा, की ही मंडळी तपासणीला उशिरा येतात आणि गुदद्वाराची किंवा लघवीची तक्रार अंगावर काढतात. वास्तविक १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एच.आय.व्ही.ची औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेणारे रुग्ण आज म्हातारे होत आहेत. त्यांनाही बी.पी., साखर, मूत्रपिंड यांची तपासणी हवी. एक गोष्ट मात्र नक्की सांभाळा. दुसऱ्या आजाराचे औषध घेण्यापूर्वी ही औषधे चालू असल्याचे डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधे एकमेकांना मारक ठरतात.

पन्नाशी-साठीतले

यांच्या तारुण्यात मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' काढले आणि १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलासा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा दिला. म्हणून ही माणसे बोलतात, पण अंदाज घेत घेत. डॉक्टरच्या चेहऱ्यावर आठी दिसली की गप्प बसतात.

तृतीयपंथी ज्येष्ठांची गोष्ट वेगळी. त्यांना लपता आलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांची ओळख मान्य केली, तेव्हा आजचे कित्येक वृद्ध पन्नाशी ओलांडून गेले होते. दवाखान्यात हेटाळणी होते म्हणून ते येत नाहीत. लिंगच्छेदाची शस्त्रक्रिया झाली तरी प्रोस्टेट ग्रंथी शरीरात राहतेच. म्हणून लघवी अडखळत असेल तर तपासणी टाळू नये. हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्ताच्या गाठी होऊ शकतात, आणि तंबाखू-विडी असेल तर धोका वाढतो.

सही कोणाची?

माझ्या माहितीतील एका निवृत्त गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. तीस वर्षे सोबत राहिलेल्या मित्राने त्यांना रिक्षातून शहरातील एका रुग्णालयात नेले. तिथे मित्राला "तुम्ही कोण?" असे विचारून बाहेर बसवले आणि दहा वर्षे न बोललेल्या पुतण्याला फोन लावला. कोणती गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, हे सगळे बाहेर बसलेल्या माणसाला पाठ होते. पुतण्याला यातले काहीच ठाऊक नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटणार नाही. पुढील गोष्टी मात्र प्रकृती ठीक असतानाच करता येतात.

१) शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती पुरेशी असते, हे लक्षात ठेवावे.

२) मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून नेमता येतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही.

३) अखेरच्या उपचारांविषयीचे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरीकडून साक्षांकित करता येते. २०२३ पासून ही पद्धत सोपी झाली आहे.

४) समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यास मनाई नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्युपत्रही वेळेत करावे.

कोणी हे आकर्षण 'बरे करून देतो' म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असे उपचार करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन ठरवले आहे. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, दारू वाढली असेल किंवा जगण्याचा कंटाळा आला असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर चांगले औषध आहे.

शेवटी घरच्यांना एक विनंती. तुमच्या काकांचे एखादे जुने मित्र किंवा आत्याची एखादी जुनी मैत्रीण रोज घरी येत असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात येताना त्यांनाही बरोबर येऊ द्या, आणि तपासणीच्या वेळी काकांना किंवा आत्याला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटे बोलू द्या.