कादंबरीतला ‘मी’ (भाग ७) : स्टीव्हन्सची थट्टा

निवेदक खोटं बोलतो म्हणून तो नावडता होतोच असं नाही, हे मागच्या भागात पाहिलं. पण ज्या गुणामुळे तो आवडतो, तोच त्याचा दोष निघाला तर? काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) या कादंबरीतला बटलर स्टीव्हन्स वाचकाला नेमकं याच पेचात टाकतो. १९५६ साली नव्या अमेरिकन मालकाची मोटार घेऊन तो प्रवासाला निघतो आणि वाटेत जुने धनी लॉर्ड डार्लिंग्टन यांच्या चाकरीतले दिवस आठवत राहतो. धन्यांच्या घरी भरलेल्या १९२३च्या परिषदेच्या रात्री वर वडिलांचा जीव जातो, तेव्हा हा खाली पाहुण्यांना पोर्ट देत असतो. वडिलांचे डोळे मिटते ती घरातली हाउसकीपर मिस केंटन. आपण रडलो, असं तो कुठेही म्हणत नाही; धनीच त्याला ‘रडतोयस की काय’ अशा अर्थाचं विचारतात, तेव्हा आपल्याला कळतं. दिवसभराचा शीण, एवढंच त्याचं उत्तर. इथे वाचक त्याचा होऊन जातो. दुःखाचं प्रदर्शन न करणाऱ्या माणसाला आपण नेहमीच झुकतं माप देतो.

पुढे डार्लिंग्टन फॅसिस्टांच्या नादी लागतात आणि रूथ आणि सारा या दोन मोलकरणींना, त्या ज्यू आहेत एवढ्याच कारणावरून, काढून टाकायला सांगतात. रात्रीच्या कोकोच्या वेळी स्टीव्हन्स हे मिस केंटनला सांगतो ते रोजच्या कामाची बोलणी करावीत तशा सुरात. सूर तोच, वडिलांच्या मरणाच्या रात्रीचा. म्हणजे आपण ज्याला सोसणं समजलो होतो, ती आज्ञा पाळण्याचीही रीत होती. हाताखालचा माणूस करणार तरी काय, असं कुणी म्हणेल. खरं आहे; मिस केंटनही चाकरच होती, नोकरी सोडीन म्हणाली आणि गेली नाही. पण पुढे ती आपल्या भित्रेपणाला भित्रेपणाच म्हणते. त्या मुलींना काढणं स्टीव्हन्सलाही पटलं नव्हतं, हे तो तिला सांगतो केव्हा, तर वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, धन्याला स्वतःलाच पश्चात्ताप झाल्यानंतर. मधल्या काळात त्याने काय केलं? तिच्या न दिलेल्या राजीनाम्यावरून तो तिची थट्टा करत राहिला. नव्या मालकाशी थट्टामस्करी जमत नाही म्हणून कादंबरीभर कुढणाऱ्या या माणसाला एवढी एक थट्टा मात्र झकास जमली होती. माझ्या मते कादंबरीतली सर्वांत क्रूर जागा हीच, आणि तीही तो जाता जाता सांगून टाकतो.

शेवटी वेमथच्या धक्क्यावर तो एका अनोळखी माणसासमोर रडतो, धन्याने निदान स्वतःच्या चुका तरी केल्या असं कबूल करतो. मग त्याला माफ का करू नये? त्याच्या स्वतःच्या वाया गेलेल्या आयुष्यापुरती माफी जरूर द्यावी. मात्र त्या कबुलीत रूथ आणि सारा नाहीत. डार्लिंग्टन यांनी त्या दोघींना भरपाई द्यावी म्हटलं तेव्हा, त्या कुठे आहेत ते सापडणं कठीण आहे, पण पाहतो, असं स्टीव्हन्स म्हणाला होता. पुढे कादंबरीत त्यांचा पत्ता लागत नाही.