ट्रॅक लाइट लावायला गेले, अर्थिंगच सापडेना!

हॉस्टेलवर रात्री रील्स बघताना एक गोष्ट सारखी समोर येते. छताला काळी पट्टी, तिच्यावर तीन-चार छोटे स्पॉट आणि साध्या खोलीचा एकदम कॅफे! खाली ओळ ठरलेली : 'घरच्या घरी, अर्ध्या तासात.' म्हटलं, आपणही करू. उन्हाळ्याच्या सुटीत गावी निघताना अकोल्यातून एक मीटरचा ट्रॅक आणि चार लाइट घेतले, बॅगेत कोंबले आणि जऊळक्याला उतरले.

जऊळका म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. घर स्लॅबचं, पुढची खोली लांबट आणि भिंतीवर एकच ट्यूबलाइट. त्याच खोलीत बाबांचं जेवण, आईची मालिका आणि कोपऱ्यातल्या टेबलावर धाकट्या भावाचा 'नीट'चा अभ्यास. ट्यूब त्याच्या पाठीमागे. त्यामुळे वहीवर कायम त्याच्याच डोक्याची सावली. म्हणजे हौस माझी होती, पण गरज त्याची होती.

ट्रॅक असतो तरी काय?

अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी. तिच्या आत तांब्याच्या पट्ट्या, एक फेजची, एक न्यूट्रलची. एका टोकाला वीज द्यायची, दुसऱ्या टोकाला टोपण. लाइटचा डोका पट्टीत घालून फिरवला की लॉक होतो आणि पट्टीभर कुठेही सरकवता येतो. प्रत्येक दिव्यासाठी वेगळी वायर नाही, हीच त्यातली मजा.

विजेचा खर्चही फार नाही. माझे चार लाइट दहा-दहा वॅटचे, म्हणजे मिळून 40 वॅट. जुन्या ट्यूबला चोकसकट साधारण 50 वॅट लागायचे. रोज पाच तास लावले तर महिन्याला सहा युनिट. बाबांना हे गणित सांगितल्यावर परवानगी लगेच मिळाली.

घेताना एक गोष्ट मात्र मी बघितलीच नव्हती. बऱ्याच स्वस्त ट्रॅकमध्ये आत दोनच पट्ट्या असतात, अर्थची तिसरी नसते. माझ्या नशिबानं माझ्या ट्रॅकमध्ये ती होती. पट्टी धातूची, लाइटची बॉडीही धातूची. आत कुठे वायर सुटून बॉडीला चिकटली, तर करंट जमिनीत उतरायला वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग.

'तिसरी वायर कुठी लावू?'

जोडणी आपणच करावी, असं भावाचं मत. पण बाबांनी गल्लीतल्या वायरमन काकांना बोलावलं. काकांचा आयटीआय झालेला, परवाना आहे आणि गावातली निम्मी घरं त्यांच्याच हातची. त्यांनी पाकीट उघडून हिरवी वायर बघितली, आमचा बोर्ड खोलला आणि माझ्याकडे वळले.

"लाइट त लागतीन वं पोरी, पण हे तिसरी वायर कुठी लावू? बोर्डात अर्थिंगच नाही."

मी म्हटलं, सॉकेटला तीन भोकं आहेत की! काकांनी टेस्ट लॅम्प काढला. होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा बल्ब. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि वरच्या मोठ्या भोकात धरला, काहीच नाही. तिसरं भोक नुसतं दिसायला होतं. मागे वायरच नव्हती. (हा प्रयोग आपण करायचा नाही. तपासायचंच असेल तर प्लगसारखा सॉकेट टेस्टर मिळतो. तो खोचला की त्यावरचे दिवे सांगतात.)

मग काकांनी आईला विचारलं, "वहिनी, कूलरले करंट येते का?"

"येते ना," आई सहज म्हणाली. "हाताले मुंग्या येतात. म्हणून त पाटावर उभं राहूनच पाणी टाकावं लागते."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कितीतरी उन्हाळे माहीत होतं. मीसुद्धा लहानपणापासून त्या पाटावर उभी राहूनच कूलरमध्ये पाणी टाकलंय. ही धोक्याची सूचना आहे, असं कुणाला वाटलंच नाही. तो आमच्या कूलरचा स्वभाव होता.

विदर्भातल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. पत्र्याची बॉडी, आत पाण्याचा पंप, ओला वाळा, खाली ओली फरशी. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कूलर तीन पिनच्या प्लगवरच लावा, पाणी भरताना प्लग काढून ठेवा, असं आवाहन महावितरण दरवर्षी करतं. आमच्या कूलरलाही तीन पिनचा प्लग होताच की! पण तिसरी पिन ज्यात जाते, तिथे काहीच नव्हतं.

भावानं एक शक्कल काढली. "न्यूट्रलच अर्थच्या भोकात जोडला तर? व्हिडिओत दाखवतात." काका तडकले. कारण साधं आहे. न्यूट्रल कुठेही तुटला, तर त्या जोडामुळे कूलर, फ्रिज आणि ट्रॅक, सगळ्यांच्या बॉडीवर थेट 230 व्होल्ट येतात. म्हणजे मुंग्यांवर भागत होतं, तिथे जीव जायचा.

आधी खड्डा, मग लाइट

ट्रॅक दोन दिवस खोक्यातच राहिला. अंगणात खड्डा खणला, जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वरून पाणी ओतलं. तिथून वायर आणून बोर्डाबोर्डांत फिरवली. मेनजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. जाणारा आणि परत येणारा करंट यांत तेवढा फरक पडला, की तो क्षणात वीज तोडतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. सुक्या मातीत अर्थिंग कमजोर होतं. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकायचं काम आता भावाकडे आहे. ट्रॅकपेक्षा या सगळ्यालाच जास्त पैसे गेले. आणि बाबा एकदाही कुरकुरले नाहीत.

मग 'स्वतः' काय करायचं?

बरंच काही. जागा ठरवणं, खुणा करणं, ड्रिल, प्लास्टिकचे प्लग ठोकून पट्टी स्क्रूनं आवळणं, लाइट अडकवणं, हे सगळं मी केलं. स्लॅबमध्ये पंख्याच्या पेटीकडे जाणारे पाइप लपलेले असतात, तेवढा भाग सोडून भोकं पाडायची. ट्यूबच्या पॉइंटपासून ट्रॅकपर्यंतची नवी वायर आणि जोडणी मात्र काकांनी केली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023चे सुरक्षा नियमही हेच सांगतात. दिवा, पंखा, स्विच यांची साधी अदलाबदल घरच्यांनी करावी. वायरिंग वाढवायचं किंवा बदलायचं असेल तर ते परवानाधारकाचं काम.

एक गोष्ट रील्समध्ये कधीच दिसत नाही. नुसता स्विच बंद करून दिव्याच्या वायरीला हात लावू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो. दिवा विझतो, वायर जिवंतच राहते. मेन बंद करा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडल्यावर तोच त्या वायरीत वीज सोडतो. लोडशेडिंगच्या गावात हे विसरणं महागात पडतं.

आता प्रकाशाचं. खोक्यावर केल्विन लिहिलेलं असतं. 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे ट्यूबसारखा पांढरा. अभ्यासाला मधला 4000 बरा वाटतो. मी आधी एक स्पॉट भावाच्या डोक्यामागून टेबलावर सोडला आणि सावली पुन्हा हजर! मग पट्टीवर सरकवून तो त्याच्या डाव्या बाजूला, थोडा पुढे आणला. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला प्रकाश डावीकडूनच हवा. दुसरा भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोवर, तिसरा दाराकडे. चौथा अजून इकडून तिकडे सरकतोय.

रील मी केलंच, खोटं कशाला बोलू! त्यात खोली खरंच कॅफेसारखी दिसते. अंगणातला खड्डा मात्र त्यात नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी आईनं कूलरचा प्लग काढला, पाणी भरलं, प्लग लावला आणि थोडा वेळ पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. मग खालचा पाट उचलून पुसला आणि रात्री बाबांना जेवायला मांडला.